मजुरी जरा जास्त वाटते

घासाघीस मी केली ती मालावर नाही, मजुरीवर. हे आधीच लिहून टाकतो. पुढे स्वतःविषयी बरं बोलायचा मोह झाला, तरी वाचणाऱ्याला मूळ हिशेब ठाऊक असलेला बरा.

गाडीच्या डॅशबोर्डवरचं लेदर काचेच्या बाजूने सुटून वर आलं होतं. लालबागला मसाला बाजाराच्या पलीकडे एका खोक्यात सीटकव्हरचं काम करणारा कारागीर आहे, त्याला गाडी दाखवली. त्याने सोल्युशनचा भाव सांगितला, काठाला लावायच्या पट्टीचा सांगितला. मी मान डोलावली. मग म्हणाला, ‘मजुरी बाराशे.’ तिथे माझ्या कपाळाला आठी पडली. ‘अरे, चिकटवायचंच तर आहे! दहा मिनिटांचं काम.’ तो गप्प राहिला. मी ‘बघतो’ म्हणून निघालो आणि वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून सोल्युशनचा डबा घेतला. डब्यावर छापलेली किंमत मुकाट्याने दिली. घरी सांगितलं, आपलं काम आपण करावं, माणसाने स्वावलंबी असावं. हे सांगताना जीभ जराही अडखळली नाही.

तो माणूस माझ्याच वयाचा असेल, केस माझ्याहून पांढरे. तो मला ‘साहेब’ म्हणत होता आणि मी त्याला ‘अरे’. हे माझ्या लक्षात कधी आलं? त्या दिवशी तर नाहीच.

आणि लेदर तरी कुठलं? सुटलेला कोपरा उलटा करून त्याने दाखवलं होतं: मागे विणलेल्या कापडाचं अस्तर. खऱ्या चामड्याची मागची बाजू मऊ, तंतुमय असते. ‘साहेब, हे रेक्झिन आहे.’ इतकी वर्षं मी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ‘लेदर’ म्हणून सांगत आलो. मला खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं?

काम करायला बसलो तेव्हा त्या दहा मिनिटांचं काय होतं ते कळलं. रेक्झिन सुटतं ते उन्हाने. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांची तापमानं मोजली, तर डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सियसपर्यंत गेले होते. मुंबई म्हणजे ॲरिझोना नव्हे, पण आमच्या परळला चाळीखाली रस्त्यावरच उभ्या राहणाऱ्या गाडीला सावली कुठली मिळणार? रेक्झिनला लवचीक ठेवणारी द्रव्यं उष्णतेने हळूहळू उडून जातात. काचेला आतून जो तेलकट धुरकटपणा येतो तो बराचसा त्यांचाच. मग रेक्झिन आकसतं, काठ ओढला जातो आणि त्याच उष्णतेने ढिला पडलेला गोंद त्याला धरून ठेवू शकत नाही. आपल्याकडे त्यात दमट हवेची भर. रेक्झिनखालचा फोम भुगा होऊन चिकट पडतो.

त्यामुळे आधी तो भुगा खरवडायचा, अगदी खालचं कडक प्लास्टिक लागेपर्यंत. नाहीतर नवा गोंद भुग्याला चिकटतो आणि भुग्यासकट परत निघतो. मग पुसून कोरडं करायचं. आकसलेलं रेक्झिन हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सैल करायचं, ओढून काठापर्यंत पोचतं का ते बघायचं. उष्णता सोसणारं सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं. आणि मग थांबायचं. बोट लावलं तर ओलं लागू नये, इतपत वाळल्यावरच दाबायचं, कारण ओल्यात दाबलं की आत अडकलेली वाफ बाहेर पडताना फुगे येतात. ओळीने दाबत जायचं, कागदी टेप लावायची, रात्रभर हात लावायचा नाही. खरवडण्यात माझी अख्खी दुपार गेली. त्या दुपारची किंमत मी शून्य धरली होती. माझी धरली याचं काही नाही, सेवानिवृत्त माणूस आहे. पण त्याचीही मी शून्यच धरायला निघालो होतो ना? वाळण्याची वाट बघणं हेही काम असतं, हे मी बँकेत इतकी वर्षं चहा पीत ‘सिस्टीम’ची वाट बघत पगार घेतला तरी मला सुचलं नव्हतं.

डावीकडच्या भागाबद्दल तो म्हणाला होता, ‘तिथे मी हात लावत नाही, एअरबॅग आहे. कंपनीत दाखवा.’ मला वाटलं, अंग चोरतोय, अवघड काम टाळतोय. घरी आल्यावर केवळ त्याला खोटं पाडायला मी गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये, झाकू नये. बऱ्याच गाड्यांत तिथलं आवरण आतून एका रेषेवर मुद्दाम पातळ केलेलं असतं, म्हणजे धडक बसली की फुगा ते फाडून बाहेर येईल. त्याला मिळतो सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपासचा वेळ. त्या रेषेवर गोंद नि रेक्झिनचा आणखी एक थर बसला तर? 2021 पासून नव्या गाड्यांत चालकाशेजारच्या सीटसमोरही एअरबॅग सक्तीची झाली. त्या सीटवर आमच्या घरात कोण बसतं, ते सांगायला नको. ज्याला मी लबाड ठरवलं होतं त्याने स्वतःचं गिऱ्हाईक सोडून मला खरं सांगितलं होतं. तो प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सींवर काम शिकलेला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांत एअरबॅग नव्हती. म्हणजे हे त्याने नंतर, स्वतःहून शिकून घेतलेलं. त्या शिकण्याचे पैसे त्याला कोणी दिले असतील?

आता जरा अवघड गोष्ट. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. सुरुवातीची कित्येक वर्षं बदली कामगार: सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. 1982 च्या 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरात ‘मजुरी’ हा विषय जेवणाच्या ताटापाशी निघायचा. मालक काय म्हणतात, हे वडील नक्कल करून सांगायचे: साचा तर आपोआप चालतो, तुम्ही काय करता? आणि मी त्या कारागिराला काय म्हणालो? चिकटवायचंच तर आहे. फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये दोन कॉफ्यांचं बिल देताना मी कधी ‘दूध ओतायचंच तर आहे’ असं म्हटलेलं नाही.

याच्याही मागे आणखी काही आहे का? मला वाटतं, आहे. कोकणातल्या गावी आजीच्या अंगणात वहाणा शिवणारा यायचा, तो कडेलाच बसायचा. त्याला रोकड क्वचितच मिळायची. सुगीला भात, तेही आजी देईल तेवढं. बलुतं. त्याने आकडा सांगायचा आणि आपण तो मोजायचा, ही रीतच नव्हती. लालबागच्या कारागिराची जात मला माहीत नाही, विचारायचं कारणही नाही. पण हाताने काम करणाऱ्याने ठामपणे आकडा सांगितला की मला जे खुपतं, ते आजीच्या अंगणातून आलेलं नसेल कशावरून? तेच काम मी केलं तर छंद, शेजारी कौतुक करतात, बायको फोटो काढते.

मग घरी काही दुरुस्त करूच नये का? तसं मला वाटत नाही. खरवडताना मला मजा आली, खोटं कशाला बोलू? आणि बाराशे रास्त होते की जास्त, हे मी अजूनही ठरवू शकत नाही. कारागीरही कधी चढा भाव सांगतातच. पण सोल्युशनचा डबा रास्त आहे का, असा प्रश्न मला दुकानात पडला नव्हता. शंका मला फक्त हातांच्या किमतीची आली. स्वतः करायचं तर करायच्या आनंदासाठी करावं, वेळ असेल तर करावं. दुसऱ्याचं काम सोपं आहे हे सिद्ध करायला करू नये, एवढं मात्र मला आता दिसतं. उद्याही दिसेल का, सांगता येत नाही.

काचेकडचा सरळ काठ मी केला, अजून तरी बसलेला आहे. एअरबॅगच्या बाजूला हात लावला नाही. ते पॅनेल बदलावं लागेल असं सर्व्हिस सेंटरने सांगितलंय. मीटरवरचा गोलाईचा, शिलाई असलेला भाग माझ्याच्याने होणारा नव्हता. तो घेऊन पुन्हा त्या खोक्यापाशी गेलो. या वेळी ‘तुम्ही’ म्हणालो. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. काम लहान होतं, त्याने मजुरी आठशे सांगितली. मी आठशे दिले. ‘सातशेला होईल का’ हे वाक्य मात्र ओठांपर्यंत आलं होतं.