शिबिर संपल्यानंतर

शिक्षकाला नवी वाट दाखविणाऱ्याचे कर्तव्य कोठे संपते? शिबिराच्या समारोपाला, की त्यानंतर वर्गात भरणाऱ्या तासांनाही ते लागू असते? प्रश्न वरवर व्यवस्थेचा दिसतो. आम्हांस तो नीतीचा वाटतो.

विज्ञानाच्या शिबिरात शिक्षकाला सांगण्यात येते की, उत्तरे फळ्यावर लिहून देऊ नका. मुलांना प्रयोग करू द्या. ठाऊक नसेल तेथे 'ठाऊक नाही' असे मोकळेपणाने म्हणा. सल्ला उत्तम आहे. परंतु तो पाळणारा शिक्षक आपले जुने कवच उतरवून ठेवतो. भरलेल्या वर्गात परीक्षानळी फुटते, प्रयोग फसतो, अभ्यासक्रम मागे पडतो, मुख्याध्यापक विचारणा करतात. अशा घटकेला सल्ला देणारे तज्ज्ञ दूर असतात. मग तो पुन्हा उत्तरे लिहून देऊ लागला, तर दोष केवळ त्याचा काय?

मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात या प्रश्नाचा गंभीरपणे विचार झाला. 'किशोर भारती' आणि क्वेकर पंथीयांनी स्थापिलेले रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२ साली १६ शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही साहाय्यास गेले. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे चालविला.

तेथे प्रशिक्षण हा केवळ आरंभ मानला गेला. शिक्षक मासिक बैठकीस जमत, आपल्या अडचणी मांडत, पुढील पाठांतील प्रयोग करून पाहत. अनुभवी शिक्षक इतर शाळांना भेटी देत. त्यास 'अनुवर्तन' म्हणत. मुलांच्या प्रश्नांना 'सवालीराम' या कल्पित नावाने पत्रोत्तरे जात. 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्या शिक्षकाला पुढे विचारण्याची जागा होती.

कोणी म्हणेल, प्रौढ माणसाचा हात किती काळ धरावा? अशाने तो परावलंबी होणार नाही काय? शंका रास्त आहे. परंतु देखरेख वेगळी आणि सोबत वेगळी. देखरेख करणारा चुका मोजतो. सोबती चुकीपाशी थांबून तिचे कारण शोधतो. आणि सोबत खरी असेल, तर काल शिकलेला शिक्षक आज दुसऱ्याच्या मदतीस जातो. होशंगाबादेत नेमके हेच घडले. परावलंबनाला याहून चांगले उत्तर आम्हांस दिसत नाही.

२००२ साली राज्य शासनाने हा उपक्रम बंद केला. तीस वर्षांची सोबतही एका आदेशाने तुटू शकते. म्हणूनच ती केवळ शासनावर वा संस्थांवर सोपवून भागणार नाही. तिचा काही वाटा आपणा पालकांकडेही येतो.

मूल घरी येऊन सांगते, "बाईंना आज उत्तर आले नाही, त्या म्हणाल्या आपण शोधू." तेव्हा आपण हसतो काय? बाईंच्या ज्ञानाविषयी शंका घेतो काय? तसे केल्यास शिबिराने दिलेले धैर्य आपल्याच ओसरीवर मोडते. त्यापेक्षा "मग काय सापडले?" असे दुसऱ्या दिवशी विचारावे. शिक्षकाची पाठराखण एवढ्यापासूनही सुरू होऊ शकते.