वयाची अट आणि हिंसेचे माप

ऑगस्ट २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात आलेल्या एका याचिकेने भारतीय चित्रपट-प्रमाणनाचे जुने दुखणे चव्हाट्यावर आणले. रजनीकांत यांची प्रमुख भूमिका असलेल्या ‘कुली’ या तमिळ चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने, म्हणजे लोक आजही ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतात त्या संस्थेने, ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले होते; आणि निर्मात्यांचा युक्तिवाद असा होता की, बेंगळुरूच्या होंबाळे फिल्म्सच्या ‘केजीएफ’मध्ये याहून अधिक हिंसा असूनही त्याला ‘यूए’ मिळते, तर ‘कुली’लाच वेगळा न्याय का. न्यायालयाने ही याचिका फेटाळली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी त्याच न्यायालयात, ‘कुली’च्याच निर्मितिसंस्थेच्या आणि त्याच अभिनेत्याच्या ‘जेलर’विषयी नेमकी उलट मागणी झाली होती, ती अशी की इतक्या हिंसक चित्रपटाला दिलेले ‘यूए’ प्रमाणपत्र रद्द करावे. तीही फेटाळली गेली. न्यायालये सेन्सॉरची खुर्ची स्वतःकडे घेत नाहीत, त्यामुळे हे दोन्ही निर्णय कायद्याच्या दृष्टीने समजण्यासारखे आहेत, परंतु त्यांतून उरणारा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो: एखाद्या चित्रपटातील हिंसा कोणत्या वयाला सोसवेल, हे मंडळ कोणत्या मापाने ठरवते?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी प्रमाणपत्रांची भाषा समजून घेणे आवश्यक आहे. १९५२ च्या चलच्चित्र कायद्याने सुरुवातीला ‘यू’, म्हणजे सर्वांसाठी, आणि ‘ए’, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी, असे दोनच वर्ग केले होते. १९८३ मध्ये त्यांत विशिष्ट व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ आणि पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याचा ‘यूए’ हे दोन वर्ग आले, आणि २०२३ च्या दुरुस्तीने या ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन पोटभाग केले. परंतु ‘ए’ आणि ‘यूए’ यांच्यात केवळ पायरीचा फरक नसून प्रकृतीचा फरक आहे. ‘ए’ हा प्रतिबंध आहे, कारण अल्पवयीनांना असा चित्रपट दाखवणे हा गुन्हा ठरतो. याउलट ‘यूए’ ही पालकांना दिलेली सूचना आहे आणि तिच्यावर सोळाचा आकडा छापलेला असला तरी आईवडिलांबरोबर आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला चित्रपटगृहाच्या दारात कोणी अडवत नाही. हा फरक लक्षात घेतला की, निर्माते ‘यूए’साठी न्यायालयापर्यंत का जातात याचा उलगडा होतो. ‘ए’ मिळाले की कुटुंबाने एकत्र येऊन काढलेली तिकिटे बुडतात आणि दूरचित्रवाणीचे दारही बंद होते.

प्रमाणपत्राचा हा वाद भारतीय घटनेच्या इतिहासाइतकाच मुळातला आहे. चार महानगरांतील ऐश्वर्य आणि दैन्य शेजारी शेजारी ठेवणाऱ्या एका अनुबोधपटाला ‘यू’ऐवजी ‘ए’ दिल्यावरून ख्वाजा अहमद अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने चित्रपटांचे पूर्व-परीक्षण तसेच वयानुसार वर्गीकरण घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. पडद्यावरील हलते चित्र भावनांवर इतर कलामाध्यमांपेक्षा अधिक तीव्र परिणाम करते, ही त्यामागची भूमिका होती. याचा अर्थ असा की, राज्यसंस्थेला चित्रपटावर वयाची अट घालण्याचा अधिकार मिळाला तो मुलांच्या मनावरील परिणामाच्या आधारावर, आणि म्हणूनच हा अधिकार वापरताना परिणामाचाच विचार होतो आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आपोआप मिळतो.

व्यवहारात मंडळाच्या हाती जे माप आहे ते १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांचे आहे. हिंसेसारख्या समाजविघातक कृतींचे उदात्तीकरण किंवा समर्थन होऊ नये, निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी क्रौर्याची दृश्ये दाखवू नयेत, आणि चित्रपटाचा विचार त्याच्या समग्र परिणामाच्या दृष्टीने व्हावा, अशी ही तत्त्वे आहेत. हेतू म्हणून ती निर्दोष आहेत. मात्र ‘यूए’ हा एकच अखंड वर्ग होता त्या काळात ती लिहिली गेली, आणि तेराव्या वर्षी काय चालेल व सोळाव्या वर्षापर्यंत काय थांबावे, याचे उत्तर त्यांच्यात शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. जेथे माप मोघम असते तेथे मोजणाऱ्याचा हात निर्णायक ठरतो. मंडळाची मुंबई, चेन्नई, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, बेंगळुरू अशी नऊ प्रादेशिक कार्यालये आहेत. प्रत्येक ठिकाणी केंद्र सरकारने नेमलेल्या सल्लागारांतील काही जण आणि एक अधिकारी मिळून परीक्षण समिती बनते, तिचा निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समिती बसते, आणि समितीतील माणसे चित्रपटागणिक बदलतात. एकच चित्रपट पाच भाषांत निघतो तेव्हा प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे लागते. अशा रचनेत बेंगळुरूतील समितीने काल काय ठरवले हे चेन्नईतील समितीला आज बंधनकारक नसते.

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण बेंगळुरूच्याच चित्रव्यवसायात सापडते. प्रशांत नील या एकाच दिग्दर्शकाचे, होंबाळे या एकाच संस्थेने काढलेले दोन चित्रपट वीस महिन्यांच्या अंतराने प्रदर्शित झाले: एप्रिल २०२२ मधील ‘केजीएफ : चॅप्टर २’ आणि डिसेंबर २०२३ मधील ‘सालार’. पहिल्याला ‘यूए’ मिळाले, दुसऱ्याला ‘ए’. दोहोंतील शैली एकच आहे, काळवंडलेला पडदा तोच आहे, आणि एकट्या नायकापुढे शेकडो माणसे कोसळण्याची मांडणीही तीच आहे. ‘सालार’मध्ये तुटलेले अवयव आणि छाटलेली मुंडकी दिसतात, हे त्याच्या ‘ए’मागचे उघड कारण मानता येईल. पण ‘केजीएफ’च्या दुसऱ्या भागातील एका गाजलेल्या प्रसंगाकडे बारकाईने पाहिले तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. नायक रॉकी पोलीस ठाण्यासमोर अवजड मशीनगन रोवतो आणि गोळ्यांच्या वर्षावाने समोरचे सारे खिळखिळे करून टाकतो; मग तापून लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवतो, आणि त्या क्षणी पार्श्वसंगीत शिगेला पोहोचते. येथे रक्ताचा पाट नाही, छिन्नविच्छिन्न शरीर नाही. आहे तो संहाराचा निखळ आनंद, कायद्यावर मिळवलेला विजय आणि त्याचे बक्षीस म्हणून पेटवलेली सिगारेट. १९९१ च्या तत्त्वांतील ‘उदात्तीकरण’ या शब्दाला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे.

यावरून विसंगतीचे मूळ ध्यानात येते. समित्या बहुधा रक्त मोजतात, घाव मोजतात, शिव्या मोजतात, कारण या गोष्टी दिसतात आणि कात्रीने कमी करता येतात. हिंसेचा अर्थ मात्र कात्रीत सापडत नाही. मुलांच्या मानसशास्त्राने नेमका त्या अर्थालाच महत्त्व दिले आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मोठे माणूस एका बाहुल्याला मारहाण करताना मुलांनी पाहिले, आणि त्या माणसाला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी त्याचे अनुकरण कमी केले, तर त्याला शाबासकी मिळालेली किंवा काहीच परिणाम न भोगावे लागलेले पाहणाऱ्यांनी अधिक केले. प्रयोगशाळेतील बाहुल्यावरून समाजातील गुन्ह्यांचे गणित मांडता येत नाही, आणि एखादा चित्रपट पाहून मूल हिंसक होते असा सरळ दावा कोणीही जबाबदार अभ्यासक करणार नाही. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की, मूल जखमेच्या आकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हिंसा करणाऱ्याचे पुढे काय झाले याकडे पाहते.

उलट बाजूचे उदाहरण मराठी घरांच्या अधिक जवळचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटाला ‘यूए १६+’ प्रमाणपत्र मिळाले. शेवटच्या भागात साखळदंडांनी जखडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांचे हाल दीर्घकाळ पडद्यावर चालतात. तापलेल्या सळया आणि जीभ कापण्याचा प्रसंग मोठ्या माणसांनाही खाली पाहायला लावतो. या हिंसेचा अर्थ रॉकीच्या हिंसेच्या अगदी विरुद्ध आहे: येथे क्रौर्याचे कौतुक नाही, सोसणाऱ्याच्या धैर्याचे आहे, आणि इतिहासातील हे बलिदान मराठी मनाला ठाऊक आहे. तरीही अर्थ उदात्त असला म्हणजे दृश्याचा धक्का सौम्य होतो, असे नाही. महाराष्ट्रात काय किंवा बेंगळुरूच्या मल्टिप्लेक्समध्ये काय, अनेक मराठी कुटुंबे प्राथमिक शाळेतील मुलांना घेऊन या चित्रपटाला गेली, ती इतिहासाच्या ओढीने आणि अभिमानाने गेली, आणि प्रमाणपत्रावरील सोळाच्या आकड्याने त्यांना क्षणभरही थांबवले नाही. या दोन चित्रपटांवरून दोन वेगळी परिमाणे स्पष्ट होतात: दृश्याचा धक्का किती, आणि दृश्याचा संदेश कोणता. एक लहान मुलाची झोप उडवते, दुसरे किशोराच्या आदर्शांना वळण देते. प्रमाणनात ही दोन्ही स्वतंत्रपणे तोलली जायला हवीत. आज दोन्ही एकाच आकड्यात कोंबली जातात.

जगातील इतर व्यवस्थाही या अडचणीतून गेल्या आहेत. अमेरिकेत ‘इंडियाना जोन्स’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटावरून आणि ‘ग्रेमलिन्स’वरून पालकांनी ओरड केली, तेव्हा १९८४ मध्ये ‘पीजी-१३’ हा नवा वर्ग निघाला. पण २०१३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवले की, १९८५ पासून या वर्गातील चित्रपटांमधील बंदुकीच्या हिंसेचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढले आहे. वर्गाचे नाव तेच राहते आणि त्यात मावणारी हिंसा वाढत जाते, या प्रक्रियेला अभ्यासक मानांकनाची घसरण म्हणतात, आणि नवा पोटभाग काढल्याने ती आपोआप थांबत नाही, हा त्यातील धडा २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतानेही लक्षात ठेवायला हवा. ब्रिटनमधील मंडळ आपली मार्गदर्शक तत्त्वे दर काही वर्षांनी हजारो नागरिकांची मते घेऊन नव्याने मांडते, प्रत्येक चित्रपटाला तो वर्ग का मिळाला याचे थोडक्यात स्पष्टीकरण प्रसिद्ध करते, आणि तेथे ‘१५’ असे लिहिले असेल तर पंधरा वर्षांखालील मूल पालकांसह आले तरी आत जाऊ शकत नाही.

भारतात अशा सुधारणांची शिफारस झालीच नाही, असे म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती मुकुल मुद्गल समितीने आणि पुढे २०१६ मध्ये श्याम बेनेगल समितीने वयोगटांची बारीक विभागणी सुचवली होती, आणि बेनेगल समितीचा भर कात्री बाजूला ठेवून केवळ वर्गीकरण करण्यावर होता. त्यांतील वयोगटांची कल्पना वेगळ्या आकड्यांसह कायद्यात आली, कात्री मात्र मंडळाच्या हातीच राहिली. त्याचा परिणाम असा होतो की, प्रमाणपत्र हे मूल्यमापन न राहता घासाघीस बनते: इतकी सेकंदे कमी करा, हा घाव धूसर करा, मग खालचा वर्ग मिळेल. अशा वाटाघाटीतून तयार झालेला ‘यूए’ चित्रपट मुलांसाठी अधिक योग्य झालेला असतोच असे नाही. त्यातील रक्त उतरते, जोश तसाच राहतो. त्यातच २०२१ मध्ये चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण बरखास्त झाल्याने, तक्रार असलेल्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि विशेष जाणकारीच्या पीठाकडून निर्णयांची जी सुसंगत परंपरा उभी राहू शकली असती तिचा मार्गच खुंटला.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. प्रत्येक कलाकृती अनन्य असते, तिला पट्टीने मोजता येत नाही, आणि सुसंगतीचा आग्रह धरला तर मंडळ अधिकच कठोर होईल, असे अनेक दिग्दर्शकांना वाटते. या भीतीला आधार आहे, कारण भारतीय राज्यसंस्थेने चित्रपटावरील अधिकार सहजासहजी सोडलेला नाही. मंडळाने प्रमाणपत्र दिल्यानंतरही केंद्र सरकारला तो निर्णय फिरवता येईल अशी तरतूद कायद्यात होती, के. एम. शंकरप्पा यांच्या याचिकेवर १९९० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूतून आलेला तो निकाल कायम केला. परंतु त्या निकालातूनच आक्षेपाचे उत्तर मिळते. स्वातंत्र्याला खरा धोका असतो तो कारण न देता वापरल्या जाणाऱ्या अधिकारापासून. कारणे लिहिणारे मंडळ, आधीच्या निर्णयांशी फारकत घेताना ती का घेतली हे सांगणारे मंडळ, कलावंताला अधिक सुरक्षितता देते, कारण मग त्याला काय अपेक्षित आहे हे कळते आणि अन्याय झाल्यास तो दाखवताही येतो.

शेवटचा दुवा चित्रपटगृहाच्या दारातला आहे. घटनेनुसार प्रदर्शनासाठी चित्रपटांना मंजुरी देणे हा केंद्राचा विषय आहे, तर चित्रपटगृहांचे नियमन राज्यांकडे आहे. म्हणजे वय ठरवते मंडळ आणि ते पाळले जाते की नाही हे पाहायचे राज्याने. आणि पुढे तोच चित्रपट ओटीटीवर येतो तेव्हा २०२१ च्या नियमांनुसार वयोगटाचा शिक्का स्वतः प्रसारक कंपनीच मारते. अशा विखुरलेल्या जबाबदारीत पालकाच्या हाती उरते ती पोस्टरच्या कोपऱ्यातील दोन अक्षरे आणि एक आकडा, ज्यांचा अर्थ दर शुक्रवारी बदलू शकतो.

म्हणून मागणी स्पष्ट असायला हवी, आणि ती कात्री वाढवण्याची असता कामा नये. वयोगटनिहाय लिखित निकष, ज्यांत दृश्याचा धक्का आणि हिंसेचे उदात्तीकरण स्वतंत्रपणे तोललेले असतील. प्रत्येक प्रमाणपत्रासोबत प्रादेशिक भाषेत प्रसिद्ध झालेली चार ओळींची कारणे. नऊही कार्यालयांना आधीच्या निर्णयांचा आधार घेण्याचे बंधन. आणि सोळा वर्षांची अट ही सूचना न राहता दारात पाळली जाणारी अट, एवढ्या चार गोष्टींनी बराचसा गोंधळ निवळेल. त्या होईपर्यंत, आपल्या मुलाचे वय पोस्टरवरच्या आकड्यापेक्षा कमी आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहण्याची आणि तो आकडा गांभीर्याने घेण्याची जबाबदारी प्रत्येक घराची आहे. मंडळ ढिसाळ आहे म्हणून पालकांनीही ढिसाळ राहावे, हे कोणत्याच मुलाच्या हिताचे नाही.