बारा वर्षांचे दुखणे
(आधार : मार्क ५:२१-४३)



दिवाळी सरली की नीरा डाव्या कालव्याच्या प्रदेशात ऊसतोडीचा हंगाम उभा राहतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी ह्या कारखान्यांच्या वाटेने बीड, पाथर्डी, जामखेडकडील मजुरांच्या गाड्या उतरतात, आणि बारामती व इंदापूर तालुक्यांत आमच्या मंडळ्यांच्या अगदी शेजारी त्यांच्या कोप्या पडतात. ह्या कोप्यांतील स्त्रियांविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने आमच्या स्वतःच्या घरांविषयी, चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटते. विषय लाजेचा आहे असे कित्येकांस वाटेल. परंतु मत्तय, मार्क व लूक ह्या तिघांनीही तो लिहून ठेविण्यास लाज मानिली नाही. मग उपदेशकाने तो वाचून दाखविण्यास का मानावी?

मार्क सांगतो की, एका स्त्रीस बारा वर्षे रक्तस्राव होत होता. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे होते नव्हते ते सर्व खर्चिले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे अधिकच वाढले. (लूक स्वतः वैद्य होता, त्याने आपल्या व्यवसायबंधूंविषयीची ही गोष्ट मार्काइतकी उघड लिहिलेली नाही!) परंतु तिचे दुखणे केवळ शरीराचे नव्हते. लेवीय १५ व्या अध्यायातील नियमाप्रमाणे तिचे अंथरूण, तिचे आसन, तिने स्पर्शिलेली वस्तू, ही सर्व अशुद्ध ठरत. त्याच अध्यायाचा पहिला अर्धा भाग पुरुषांच्या अशुद्धतेविषयी आहे हे वाचकांनी मुद्दाम उघडून पाहावे. लोकांनी तो भाग विसरून टाकिला आणि उरलेला मात्र स्त्रियांच्या माथी मारिला, असेच पुष्कळ देशांत घडले आहे. बारा वर्षे त्या स्त्रीस कोणी सभास्थानात घेतले नसेल, जेवणास बोलाविले नसेल. म्हणूनच ती प्रभूसमोर उभी राहिली नाही; गर्दीत मागून आली, आणि चोरून वस्त्रास शिवली.

स्पर्श होताच ती बरी झाली. येथेच कथा संपली असती तर चालले असते काय? प्रभू थांबला. याईरासारखा मोठा अधिकारी घाईत असता, त्याची मुलगी मरणाच्या दारी असता, तो थांबला आणि कोण शिवले ते विचारू लागला. ह्यात त्या बाईस लाजविण्याचा हेतू होता असे जे समजतात ते प्रभूस ओळखीत नाहीत. शरीर गर्दीत गुपचूप बरे झाले होते, पण गावाच्या मनात ती अजून अशुद्धच होती, आणि तिच्या स्वतःच्या मनातही. म्हणून ज्या गावाने तिला बाहेर ठेविले त्याच गावासमक्ष प्रभूने तिला मुलगी म्हटले. ग्रीक मुळात त्याने तिच्या बरे होण्यास योजिलेले क्रियापद 'सोझो' हेच आहे, आणि तारण पावण्यासही नवा करार तेच क्रियापद योजितो. शरीर, मन, घर आणि देवाशी असलेला संबंध, ही चारही प्रभूने एका शब्दात धरिली. आरोग्य म्हणजे एवढे सगळे.

आता आमच्या शेजारच्या कोप्यांकडे वळू. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची सरकारने पाहणी करविली. ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकिलेले आढळले. शंभरांत जवळजवळ सतरा! त्यांतील पुष्कळजणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. हा कोणत्या रोगाचा परिणाम? वैद्यकाच्या पुस्तकात ह्या रोगास नाव सापडणार नाही, कारण त्याची मुळे बरीचशी माणसांच्या समजुतींत व व्यवहारांत आहेत.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरितात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती ह्या जोडीवर, आणि ती फिटेपर्यंत दोघांनाही सुटका नाही. एखाद्या दिवशी बाई पोट धरून बसली तर तो खाडा; खाड्याचा दंड उचलीत चढतो. २०१९ च्या सुमारास वृत्तपत्रांत दिवसाला पाचशे रुपये दंडाची गोष्ट वारंवार आली. पहाटे काळोखात उठावे, स्वयंपाक करावा, ऊस तोडावा, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरावी; कोपीजवळ ना न्हाणी, ना शौचकूप, ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांत एकच फडके धुऊन ओलेच वापरावे लागते. मग जंतू शिरतात, अंगावरून पांढरे जाते, कंबर मोडते. ह्यांतील बहुतेक दुखणी औषधाने, पाण्याने आणि विसाव्याने बरी होणारी आहेत. परंतु विसाव्यास दंड आहे आणि औषधास वेळ नाही. तेव्हा कोणी सांगते की, दोन मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय, ती काढली की कटकट गेली. दर महिन्याची पाळी गेली, विटाळ गेला, खाडाही गेला! आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा नवी उचल.

अनुवादाच्या ५ व्या अध्यायात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा देताना देवाने दासाबरोबर दासीचे नावही घातले आहे, आणि धन्याप्रमाणेच त्यांसही विसावा मिळावा असे कारण सांगितले आहे. जेथे विसावा हा देवाचा हुकूम न राहता कर्ज होतो, तेथे शरीर मोडणारच. याकोबाच्या ५ व्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते असे लिहिले आहे. आमच्या मंडळ्यांत कोणी उसाचे बागाईतदार असतील, कोणी टोळीवर देखरेख ठेवीत असतील. त्यांनी हा अध्याय एकटे बसून वाचावा.

कित्येक स्त्रियांस कर्करोगाचे भय घालून पिशवी काढावयास लाविले गेले अशाही तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. म्हणून खरे काय ते सांगणे उपदेशकाचेही काम आहे. जेथे तज्ज्ञ वैद्यास खरोखर गरज दिसते तेथे ही शस्त्रक्रिया जीव वाचविते, तिला आमचा विरोध नाही. परंतु तरुण वयात, विशेषतः अंडाशयही काढले असता, हाडे ठिसूळ होतात, हृदयाच्या विकाराचा धोका वाढतो, अकाली म्हातारपण येते. कर्करोगाचे भय असेल तर आधी तपासणी आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी एकदाच केली तरी ह्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. सरकारनेही २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांस ह्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणे बंधनकारक केले. तेव्हा बहिणींनो, कोणी पिशवी काढण्यास सांगितले तर आधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या, आणि मग ठरवा.

याईराची मुलगी बारा वर्षांची होती. ती स्त्री जितकी वर्षे दुखणे सोशीत होती तितकीच ह्या मुलीच्या आयुष्याची वर्षे. ऊसतोडीच्या मुलखात एवढ्याच वयाच्या, किंवा थोड्या मोठ्या, मुलींची लग्ने लाविली जातात. एकतर फडावर निघताना तिला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे हे भय, आणि दुसरे म्हणजे लग्न झाले की नवा कोयता तयार होतो हा हिशेब. कायद्याने अठरा वर्षे सांगितली आहेत ती कागदावर राहतात. लहान अंगावर बाळंतपणे आणि मोळ्या दोन्ही पडतात, आणि पंचविशी-तिशीस पिशवीची गोष्ट निघते. प्रभूने त्या मुलीचा हात धरून तिला उठविले, आणि मग काय सांगितले? तिला खावयास द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर जेवणाची आठवण! आमच्या घरांत मुलीच्या आणि सुनेच्या पानात शेवटी काय उरते, ह्याचा विचार ह्या वचनाजवळ थांबून करावा. रक्त कमी असलेल्या बाईस आमचे लोक अशक्तपणा म्हणतात, आणि तो नशिबाचा मानितात. पुष्कळदा तो फक्त शेवटच्या पंगतीचा असतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सर्व बाहेरच्यांचे झाले. तसे असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. बाप्तिस्मा घेऊन दोन-तीन पिढ्या लोटलेल्या घरांतही आज कावळा शिवला म्हणून मुलगी कोपऱ्यात बसते. तिचा तांब्या वेगळा, अंथरूण वेगळे. त्या रविवारी ती मंदिरात येत नाही, आणि आलीच तर प्रभुभोजनाच्या वेळी डोके खाली घालून मागे राहते. कोणी तिला अडवीत नाही, पण कोणी बोलावीतही नाही. ज्या घरांच्या पूर्वजांस एकेकाळी गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच घरांत पोरीचा तांब्या वेगळा राहावा! ज्यास देवाने शुद्ध केले त्यास अपवित्र म्हणू नये हा धडा पेत्रास प्रेषितांची कृत्ये १० मध्ये मिळाला. तो परराष्ट्रीयांपुरता होता, घरच्या मुलींपुरता नव्हता, असे कोठे लिहिले आहे?

समजूत बदलली की आरोग्य बदलते ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली काम आरंभिले. दोघेही वेल्लोरला शिकलेली. त्यांनी रुग्णालय काढिले खरे, पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, खेड्यातील दुखण्यांची मुळे पाणी, अन्न, जातिभेद आणि बाईचे घरातील स्थान ह्यांत आहेत. त्यांनी खेड्यांतील स्त्रियांसच आरोग्यसेविका केले. त्यांत कित्येक अक्षरशत्रू होत्या, कित्येक दलित. बोअर पाडावयाची तेव्हा ती दलित वस्तीत पाडण्याची त्यांनी तजवीज केली, म्हणजे सवर्ण घरच्या बायांस तेथे येऊनच पाणी भरावे लागे. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षा आम्हांस ती बोअर मोठी वाटते. एका हातपंपाने जुलाब कमी केले आणि शिवाशिवही.

आमच्या मंडळ्यांच्या ठायी एवढे मोठे सामर्थ्य नाही हे आम्ही जाणतो. पण पंपाचे पाणी कोपीतल्या बाईस मोकळेपणे घेऊ देता येते. मंदिराच्या आवारात आडोसा करून न्हाणी बांधता येते; चार पत्रे आणि एक दिवसाची मजुरी, ह्याहून अधिक खर्च नाही. आशाताईस कोप्यांपर्यंत सोबत देता येते. अल्पवयी मुलीचे लग्न ठरत असल्याचे कानी आले तर १०९८ ह्या क्रमांकावर कळविता येते. आणि पाळकाने व वडीलमंडळाने प्रभुभोजनापूर्वी व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे की, पाळी चालू असलेल्या बहिणींनीही पुढे यावे. वडील मंडळींपैकी कोणी नाराज होतील तर त्यांस मार्क ५ वाचून दाखवावा, वाद घालीत बसू नये.

कोप्यांवर जाणाऱ्या उपदेशकांस एक सूचना. शेवटची गाडी भरून गेल्याशिवाय जाऊ नये. त्याआधी बायांस कान देण्यास उसंत नसते. स्वयंपाकाच्या वेळी उपासना लांबवू नये. आपल्या पत्नीस किंवा बायबलबाईस बरोबर न्यावे, आणि हा उतारा तिनेच वाचावा. वाचून झाल्यावर पुरुषांनी थोडे दूर जाऊन मुकादमाशी व गाडीवानांशी बोलत बसावे. बायांस जे विचारावयाचे असते ते त्या मग विचारतात.