देहदानाला ‘नाही’ म्हणणारं घर

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं हल्ली डिसेक्शन हॉलमध्ये शिरताना शपथ घेतात : या देहाचा मान राखू. 2019पासूनच्या अभ्यासक्रमात तर ‘मृतदेह हा आपला पहिला गुरू’ असा पाठच आहे. चांगलंच आहे. पण तासाभरात फॉर्मलिनने डोळे चुरचुरायला लागतात, तोंडी परीक्षेचा धसका असतोच, आणि मुलं टेबलावरच्या गुरूला टोपणनाव ठेवून मोकळी होतात. त्यात दुष्टावा नसतो, भीती लपवायची ती रीत. पण गुरू कोणत्या घरातून आला, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

पूर्वी घर नसायचंच. 1949च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना द्यायची सोय केली. सरकारी वॉर्डात एकटाच गेलेला भिकारी, ओळख न पटलेला मजूर. त्यांना जिवंतपणी कोणी काही विचारलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर त्यांच्यावर शिकले, आणि स्नायू-शिरांबरोबर आणखी एक धडाही गिरवून गेले : गरिबाला विचारावं लागत नाही. भरल्या ओपीडीत पडदा न ओढताच बाईला पदर बाजूला करायला सांगणारे डॉक्टर पाहिले की मला तो धडा आठवतो.

स्वेच्छेने दिलेल्या देहाने हे बदललं. डोंबिवलीच्या दधीची देहदान मंडळासारख्या संस्था त्यासाठी झटल्या. 2010च्या जानेवारीत ज्योती बसूंचा देह कोलकात्याच्या रुग्णालयाला मिळाला, फेब्रुवारीत आपल्या कडोळीच्या नानाजी देशमुखांचा दिल्लीच्या एम्सला. एक कम्युनिस्ट, एक संघाचे. शिकणाऱ्यांच्या दृष्टीने दोघांचं मोल सारखंच.

आता मिरा रोडचं शांती नगर घ्या. एका जिन्यावर मराठी, गुजराती जैन, उत्तर भारतीय अशी दारं. पलीकडे नया नगरात मुस्लीम वस्ती. एका घरी दहावा-तेरावा, दुसऱ्या घरी होईल तितक्या लवकर दफन, तिसऱ्या घरी नेत्रदानाची जुनी सवय. आजोबांनी हौसेने इच्छापत्र भरलेलं असतं, साक्षीला मुलाची सही असते. पण मृत्यूनंतर शेवटचा शब्द व्यवहारात घरच्यांचाच. गावाहून आलेली आत्या विचारते, “अस्थी मिळतील ना?” बऱ्याच ठिकाणी मिळत नाहीत. मुलगा गप्प होतो. संस्थेला फोन जातो : राहू द्या.

देहदानाचे कार्यकर्ते अशा घराला मागासलेलं म्हणतात. मला ते पटत नाही. आत्याचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. माणूस कुठे गेला, एवढंच तिला कळायला हवं असतं. ही अडचण ओळखणं हेच डॉक्टरचं शिक्षण, आणि ते मुलांना हॉलमध्ये मिळत नाही, कारण नकार दिलेला देह तिथे पोहोचतच नाही.

तैवानमधल्या बौद्ध संस्थेच्या त्झू ची विद्यापीठात विद्यार्थी दात्याच्या घरी जाऊन त्याचं आयुष्य ऐकतात, काम संपल्यावर देह टाके घालून शिवतात आणि निरोपाला स्वतः हजर राहतात. हे जसंच्या तसं इथे आणलं तर पंचाईत होईल. आपल्याकडे कित्येकांनी क्रियाकर्म नको म्हणूनच देह दिलेला असतो. त्यांच्यासमोर हार-उदबत्ती लावणं हा त्यांचाच अपमान. दुसऱ्या घराला नेमकी तीच उदबत्ती हवी असते. म्हणजे आधी विचारायला लागणार. घरी जाण्याची पद्धत मात्र जरूर घ्यावी, आणि देणाऱ्यांइतकंच न देणाऱ्यांच्या घरीही मुलांना बसवावं.

तिथे बोलायचं काय, हे वरिष्ठांनी शिकवून ठेवावं. पोस्टमॉर्टेम झालेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत, डॉक्टरचा मृत्यूचा दाखला लागतो, ही माहिती हवीच. आत्या अडून बसली असेल तर वाद न घालता एवढं सांगता यावं, की सहा तासांच्या आत डोळे देता येतात, आणि त्यानंतर अंत्यविधी घरच्या रीतीने होऊ शकतो.