हिरवं पान आणि चार तास

दसरा उलटला की पुण्यात वर्तमानपत्राच्या घडीतून साफसफाईची पत्रकं गळायला लागतात. अलीकडे त्यांतल्या बहुतेकांवर एक हिरवं पान छापलेलं असतं. 'इको-फ्रेंडली डीप क्लीनिंग', 'निसर्गाची काळजी घेऊन घराची स्वच्छता', आणि खाली ठळक अक्षरांत हिशेब: टू बीएचके, चार माणसं, चार तास. हिशेबाबद्दल माझी तक्रार नव्हती, पानाबद्दल होती. निसर्गाची काळजी घेता म्हणजे नेमकं काय करता, हे एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. फिनेलला कडुलिंबाचा वास आला की झाली काळजी?

नद्या फेसाळल्या, प्लास्टिक वाईट, ओला-सुका वेगळा करा, हे शाळकरी पोरांच्या चित्रकला स्पर्धांमुळे आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात शिरत नाही. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. घाण नजरेआड करणं आणि घाण मार्गी लावणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि आपण पैसे मोजतो ते फक्त पहिल्याचे. फरशीवरचा डाग बादलीत येतो, बादली मोरीत रिकामी होते, मोरीतून तो पुढं मुठेच्या दिशेनं निघतो. माळ्यावरचं थर्मोकोल, गेलेल्या ट्यूबलाइट, वायरींचा गुंता, मुदत संपलेली औषधं एका काळ्या पिशवीत कोंबून गेटपाशी ठेवली की घर लख्ख. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, आणि ती पिशवी कुणीतरी हातानं उघडणार असतं.

ते कुणीतरी पुण्यात तरी अनोळखी नाही. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तिच्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 साली तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा घेणाऱ्या, तो शेडमध्ये पसरून निवडणाऱ्या बायका या संस्थेच्या सभासद आहेत, म्हणजे कागदोपत्री मालकही. संडास साफ करायच्या ऍसिडची बाटली, तळाला चमचाभर ऍसिड उरलेलं, झाकण हरवलेलं, अशी त्या ढिगात येते तेव्हा ती भंगारात विकण्याजोगी असते खरी. पण आधी ती उचलावी लागते. बाटली विसळून, झाकण घट्ट लावून वेगळी ठेवायला अर्धं मिनिट लागतं. हिरव्या पानाच्या पत्रकात ते अर्धं मिनिट कुठंच धरलेलं नसतं. म्हणजे 'आम्ही रिसायकल करतो' असं कंपनी म्हणते तेव्हा रिसायकल करणारी दुसरीच असते, आणि तिला कंपनीकडून एक पैसा मिळत नाही.

नजरेआड आणि मार्गी हा फरक ज्यांना पुरता कळला होता त्या आप्पासाहेब पटवर्धनांबद्दल इथं थोडं विषयांतर करतो, कारण हल्ली त्यांचं नाव कोकणाबाहेर फारसं कुणी घेत नाही. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितलं. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं, ब्राह्मणाला मिळणार नाही, असा तुरुंगाचा खाक्या. आप्पांनी अन्न तोडलं. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात उपास धरला आणि सरकारची पंचाईत झाली. पण मला त्या उपासापेक्षा त्यांचं नंतरचं काम मोठं वाटतं. कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी संडासांचे निरनिराळे नमुने करून पाहिले, मैल्याचं खत केलं, मेलेल्या जनावराचं कातडंही वाया जाऊ दिलं नाही. झाडू हातात घेऊन फोटो काढणारे पुढारी आपण पुष्कळ पाहिले. झाडल्यानंतर पुढं काय, यात आयुष्य घालवणारा माणूस विरळाच. असो.

तर या पानाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून मी आमच्याच भागातल्या एका छोट्या सफाई कंपनीच्या मालकाशी भांडलो. भांडलो म्हणजे चहा पीत भांडलो. पोरगा तिशीतला, आठ-दहा माणसं हाताखाली. माझा पवित्रा ठरलेला होता: रिठा, चिंच, लिंबू, काथ्या आणि राख. आपल्या आज्या याच्यावर घर चालवत होत्या, त्यानं कुठली नदी फेसाळली नाही, तुम्हीही तेच वापरा.

"काका, राख आणू कुठून? गॅसला राख पडते का?" हा त्याचा पहिला टोला. तो मला बसला, पण मी दाखवलं नाही.

दुसरा जास्त जोराचा होता. त्यानं मला त्याची खोली दाखवली. एका कोपऱ्यात द्रावणाचे मोठे ड्रम, त्यांतून भरलेले पाच-पाच लिटरचे कॅन, कॅनवर मार्करनं नाव. रिकामा ड्रम पुरवठादार परत नेतो, कॅन फुटेपर्यंत तेच. "आता तुमच्या सिंकखाली बघा," म्हणाला. सिंकखाली काचेचं वेगळं, फरशीचं वेगळं, ओट्याचं वेगळं, नळाचं वेगळं. प्रत्येकाला स्प्रेचा पंप, आणि त्या पंपात दोन-तीन जातींचं प्लास्टिक आणि एक तारेची स्प्रिंग असते, त्यामुळे भंगारवाला तो बाजूला काढतो. तेवढ्यापुरता हिशेब त्याच्या बाजूनं लागला. शंभर घरांनी शंभर बाटल्या घेण्यापेक्षा एका कंपनीनं ड्रम घेणं केव्हाही बरं.

मग मी त्याला मायक्रोफायबरवर धरलं. तो फडका म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, दर धुण्याला त्याचे बारीक धागे पाण्यात जातात, जुन्या सुती साडीचा फडका काय वाईट होता? त्याचं म्हणणं, मायक्रोफायबरला पाणी आणि साबण दोन्ही कमी लागतं, आणि सुती फडक्याचे तंतू काचेवर राहतात. दोन्ही खरं आहे, माझंही आणि त्याचंही. तिथं बरोबरी झाली. सुवासाबद्दल आणि फेसाबद्दल मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फेसानं स्वच्छता वाढत नाही, फेस धुवायला फक्त पाणी वाढतं, आणि ज्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर येतात तिथं हे सगळ्यांना माहीत असायला हवं. "फेस नाही दिसला तर कस्टमर म्हणतो, पाण्यानंच पुसलं," तो म्हणाला. म्हणजे फेस गिऱ्हाइकासाठी. म्हणजे माझ्यासाठी.

यानंतर माझं डोकं भलत्याच दिशेला गेलं. हेन्केल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट झिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं 1959 साली एक साधी मांडणी केली, ती सफाईच्या धंद्यात आजही शिकवतात. कुठलाही मळ निघतो तो चार गोष्टींनी: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केली तर उरलेल्यांतून भरून काढावी लागते. एवढंच.

हे ध्यानात ठेवून आजीची मोरी पाहिली की चित्र पालटतं. रिठा सौम्य, राख सौम्य, कारण घासणं आणि वेळ या दोन गोष्टी घरात मुबलक होत्या. त्या कुणाच्या होत्या? घरातल्या बायकांच्या, सुनांच्या, मोलकरणीच्या. काथ्या धरून बोटांची सालं जात, आणि त्याचा मोबदला कुणी मोजला नाही. ज्या जुन्या पर्यावरणस्नेही घराचे मी गोडवे गात होतो ते फुकटच्या मनगटावर चाललं होतं. ते परत आणा म्हणणं म्हणजे ते मनगट परत फुकट मागणं. मला ते मागायचं नाही.

आता हेच माप पत्रकातल्या चार तासांना लावून बघा. पुण्यात बोअरच्या पाण्यानं नळांवर आणि टाइल्सवर क्षारांचे पांढरे थर चढतात. लिंबूसत्त्वाचं पाणी करून त्यात भिजवलेला फडका नळाला गुंडाळून ठेवला, तर थर मऊ पडतो आणि ब्रशनं निघतो. पण त्याला वाट पाहावी लागते, अर्धा तास, कधी जास्त. (संगमरवरावर हा प्रयोग करू नका, दगड खातो.) ऍसिड तेच काम डोळ्यांदेखत उरकतं, जाता जाता टाइल्समधल्या फटींचं सिमेंटही खातं, आणि कुणी घाईत त्यात ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, तोही बंद बाथरूममध्ये. बाथरूम, स्वयंपाकघर, खिडक्या आणि संध्याकाळी दुसरं घर, असं वेळापत्रक असलेला कामगार काय उचलेल? कॅनवर लिहिलेलं झाकणाचं माप बघून मिसळायलाही उसंत लागते. उसंत नसली की अंदाजानं ओततात, आणि अंदाज नेहमी जास्तीच्याच बाजूला चुकतो.

मी मालकाला धारेवर धरायला गेलो होतो, पण चार तास त्यानं हौसेनं लिहिलेले नाहीत. सहा लिहिले तर दर वाढतो आणि आपण शेजारचं पत्रक उचलतो. तो अगदी निर्दोष नाही. काळी पिशवी गेटपाशी सोडायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पान छापायच्या आधी त्यानं आपल्या पोरांना हातमोजे द्यायला हवे होते. तरी बाटलीत काय आहे यापेक्षा तास किती आहेत यावरच सफाईचा हिरवेपणा ठरतो, आणि तास ठरवतो तो पैसे देणारा.

तेव्हा यंदा कुणाला बोलावणार असाल तर पान बघू नका. माणसं किती, तास किती, रिकामे कॅन परत जातात का, हातमोजे आहेत का, एवढं विचारा. ट्यूबलाइट आणि औषधं स्वतः वेगळी काढून ठेवा, ऍसिडची बाटली विसळून द्या, आणि दोन तासांचे जादा पैसे मोजा. तेवढं परवडत नसेल तर अर्धंच घर करून घ्या. माळा पुढच्या वर्षी.