इंजिनाची खोड

बैल विकताना त्याची खोड सांगायची की नाही, हा आम्हा शेतकऱ्यांचा जुना प्रश्न. बाजाराची रीत अशी, की घेणाऱ्यानं दात मोजावेत, चालवून बघावं, पुढं त्याचं नशीब. माझे वडील म्हणायचे, "आळशी असला तर सांगू नये, त्याचं त्याला कळतं. मारका असला तर मात्र सांगावं." लहानपणी मला याची गंमत वाटायची. त्यातला अर्थ पुढं एका डिझेल इंजिनानं शिकवला.

आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी. विहिरीवर माझं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. बारा वर्षं त्यानं माझी वांगी, मिरची आणि आंब्याची कलमं जगवली. 1991 साली विहिरीवर वीज आली, मोटार बसली आणि इंजिन पडवीत आलं. शेवटच्या दोन उन्हाळ्यांत त्याच्या हेडला केसासारखी चीर गेली होती. थंड असताना काही कळायचं नाही. तास-दीड तास चाललं की लोखंड तापून चीर उघडायची, थंडाव्याचं पाणी सिलिंडरमध्ये उतरायचं, धूर पांढरा व्हायचा आणि इंजिन बसायचं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यातच डिझेल पेटतं. दाब गेला की सगळं संपलं. हेड बदलायला हवं होतं. मी वेल्डिंग करून भागवलं. बंद पडलं तर आंब्याखाली बसायचं, निवलं की परत हँडल मारायचं. वांगी तासभर थांबतात, तक्रार करत नाहीत.

पलीकडच्या काठाचा एक तरीवाला होडीसाठी ते बघायला आला. मी हिरवा रंग मारून ठेवला होता. त्या रंगाखाली वेल्डिंग होतं. त्यानं तेल बोटावर घेऊन बघितलं. तेलात पाणी गेलं की ते दुधाळ होतं, तसं नव्हतं. दहा मिनिटं चालवलं. मग म्हणाला, "दादा, मशीन बरा हाय ना? पान्यातला काम हाय."

मी म्हणालो, "बारा वर्षं माझ्या विहिरीवर चाललंय."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. त्यानं साडेचार हजार मोजले.

दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी मी त्याच तरीनं पलीकडे निघालो. होडीत सात-आठ माणसं, एक बाई कडेवर पोर घेऊन. दुपारपासून फेऱ्या चालू होत्या, म्हणजे इंजिन तापलेलं. ओहोटी लागली होती. मध्यावर आलो आणि आवाज बदलला. बाकीच्यांना काही कळलं नाही, मला कळलं. मी मागं बघितलं, धूर पांढरा. मग इंजिन बसलं आणि होडी पाण्याबरोबर खाली सरकायला लागली. खाली दाभोळचं मुख आणि पुढं अरबी समुद्र.

त्यानं नांगर टाकला. आपला नांगर माती उलटी करतो, होडीचा नांगर माती धरून ठेवतो. त्या दिवशी त्यानं धरली. अर्धा तास आम्ही इंजिन निवायची वाट बघत बसलो. तेवढ्यात पोर रडून झोपी गेलं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

काठाला लागल्यावर सगळे गेले, मी थांबलो. तो म्हणाला, "पहिल्याच महिन्यात कळला माला. पन दादा, मी इचारला होता."

एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

नंतर मी मनाशी पुष्कळ वाद घातला. त्याला कळलं होतं, तरी तो माणसं नेतच होता. मग दोष त्याचा नाही का? आहे. पण हेडला पैसे नव्हते म्हणून त्यानं निदान भारी नांगर आणि लांब दोर घेतला होता. मी काय घेतलं होतं? रंगाचा डबा. आणि त्याचा दोष काढून माझा कमी होत नाही. त्यानं विचारलं एक, मी सांगितलं दुसरं. खरं बोलूनही माणूस फसवू शकतो.

चिपळूणला जाऊन मी नवं हेड आणि गॅस्केट आणलं. तो म्हणाला, "हेड तुमचा, बसवायची मजुरी माझी." उघडल्यावर दिसलं, खाऱ्या पाण्यानं आतली वाट मिठानं आणि गंजानं अर्धी बुजली होती. गोड्या पाण्यावर दहा वर्षं टिकेल ती डागडुजी खाऱ्यात वर्ष काढत नाही. त्यानंच मला शिकवलं: रोज सकाळी फिल्टरच्या तळाचं पाणी सोडायचं, धुराचा रंग बघायचा, पंख्याच्या दांडीपाशी पाणी किती ठिबकतं ते बघायचं. मोठ्या यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांची इंजिनं उघडतात. भर पाण्यात कसली दुरुस्ती होणार?

काटकसर हा शेतकऱ्याचा गुण, हे मी आजही मानतो. जुनं बांधून, जोडून वापरावं. पण माझ्या वांग्यांवर मी जी जोखीम घेतो, ती दुसऱ्याच्या कडेवरच्या पोरावर घ्यायचा मला अधिकार नाही. विहिरीवर ते इंजिन आळशी होतं. होडीत बसल्यावर ते मारकं झालं. बैल तोच, फक्त त्याचं काम बदललं. वडिलांचं म्हणणं तेव्हा समजलं.

गेल्या साली माझा जुना पॉवर टिलर बघायला एक तरुण आला. मी आधी सांगितलं, "बाबा, उतारावर याचा क्लच सुटतो." तो आला तसा परत गेला. टिलर अजून पडवीतच आहे. बायको म्हणते, जागा अडली. अडू दे.