काळजीवाहू

आजवरच्या आयुष्यात मी पथ्यं पाळली, वेळा पाळल्या, एकादश्या पाळल्या. फार काय, एखादा दिलेला शब्दही पाळला. पण कोळी पाळण्याचा योग माझ्या कुंडलीत अडुसष्टाव्या वर्षी होता. तोही इंग्लंडात.

झालं असं, की आम्ही उभयता मुलाकडे रेडिंगला गेलो होतो. घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच अकरा वर्षांच्या नातवाने जाहीर केलं, "आजोबा, मी टॅरंटुला पाळलेत. तीन!" नावावरून मला तो इटालियन खाद्यपदार्थ वाटला. अंदाज निम्मा बरोबर निघाला. नाव इटलीतल्या टारांटो गावावरून आलेलं. तिथला कोळी चावला की माणूस बेभान नाचतो, अशी जुनी समजूत. पण तो कोळी निराळा. नातवाचे मूळचे मेक्सिकोचे, मोठेपणी लाल गुडघे मिरवणारे. रानातून ते इतके पकडून नेले गेले, की 1985 पासून त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. ही पिल्लं मात्र पाळीव आईच्या पोटची होती. तीन प्लॅस्टिकच्या डब्या, झाकणाला भोकं, आत नारळाच्या काथ्याचा भुसा आणि त्यावर साबुदाण्याएवढा एकेक जीव. आमच्या कोकणात जी सोडणं आम्ही बंबात घातली, त्यांचा भुसा इथे पौंड मोजून आणतात!

आता माझी पिढी कोळ्याला दोनच ठिकाणी ओळखते. एक, दिवाळीच्या साफसफाईत केरसुणीच्या टोकाला, आणि दुसरं, शाळेच्या पुस्तकात, हरलेल्या राजाला धीर देताना. पण हे कोळी जाळं विणून कुणाला धडा देत नाहीत. भुश्यात बीळ करून दिवसभर बसून राहतात. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढल्यामुळे मला ते परके वाटले नाहीत.

पुढे मुलगा, सून, नातू आठ दिवस स्पेनला निघाले. आमचा व्हिसा इंग्लंडपुरता, त्यामुळे आम्ही घर राखायला, आणि ओघानेच कोळी राखायला. नातवाने सूचना दिल्या. "डबीची एक बाजू थोडी ओली ठेवायची. जास्त नाही, बुरशी येते. दिवा लावून ऊब द्यायची नाही, ते सुकतात. हातात घ्यायचं नाही. आणि क्रिकेट संपले तर दुकानातून आणा."

"क्रिकेट?"

"रातकिडे, आजोबा! त्यांचं खाणं. मेलेला द्यायचा, पिल्लांना जिवंत झेपत नाही. आणि खाल्लं नाही तर लगेच काढून टाकायचं."

पहिल्या खाण्याचा वार आला तो नेमका एकादशीचा. मी चिमट्यात रातकिड्याची तंगडी धरून धर्मसंकटात उभा. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, त्याला साबुदाणा चालतो का बघा." नाही चालत. माझा उपास त्याच्यावर लादणं मलाही बरं वाटेना. देवाची मनोमन क्षमा मागून मी तंगडी टाकली. दोघांनी घेतली. तिसऱ्याने तोंड फिरवलं.

झालं! माझी काळजी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं, नाही. त्याचं पोट काळं, तुकतुकीत दिसायला लागलं. मी थोडं पाणी वाढवलं, मग जास्त झालं म्हणून कागदाने टिपलं. दर तासाला झाकण उघडून "काय रे बाबा" करत होतो. चौथ्या रात्री अकरा वाजता पाहतो तो स्वारी चक्क उताणी, आठही पाय वर!

माझं धाबं दणाणलं. नातवाचा रंगाचा बारीक ब्रश उचलला. हलकेच सुलटा करावा, वाचला तर वाचला. तेवढ्यात हिने आधी फोन करायला लावलं. स्पेनमध्ये बारा वाजलेले. मुलगा झोपेतून म्हणाला, "बाबा, मेलेला नाही तो. मेलेला कोळी पाय पोटाखाली मुडपून पडतो. शरीरातल्या पाण्याच्या दाबानेच त्याचे पाय सरळ राहतात, तो दाब गेला की मुडपतात. उताणा झालाय म्हणजे कात टाकतोय. आत्ता हात लावलात तर मात्र मरेल. तुम्ही काही करू नका." मग जरा थांबून, "प्लीज."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. 1996 साली. तो बारावीला होता, चाचणीत मार्क कमी पडले होते. "बाबा, मी बघतो. तुम्ही काही करू नका, प्लीज." मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या कॉलेजात जाऊन, भर वर्गाच्या दारात, सरांना विचारलं, "याचं काय करायचं?" पुढे तो उत्तम पास झाला, आणि त्याचं श्रेय मी पेढ्यांबरोबर घरोघर वाटलं. पण त्यानंतर त्याने मला काहीही ठरायच्या आधी सांगितलं नाही. नोकरी, इंग्लंड, लग्न, सगळं माझ्यापर्यंत बातमी म्हणून आलं. मला वाटायचं, पोरगा अबोल झाला.

मराठी भाषा मोठी चतुर. काळजी एकच, ती करताही येते आणि घेताही येते. मी जन्मभर काळजी केली, आणि मी ती घेतोय असं समजत राहिलो. कॉलेजात मी गेलो तो कुणासाठी? त्याच्यासाठी, की मला घरी स्वस्थ बसवेना म्हणून? आता तुम्ही म्हणाल, बापाने मग हातावर हात ठेवून बसायचं? तसंही नाही. भुसा ओला लागतोच, खाणं द्यावंच लागतं. पण न खाल्लेला जिवंत किडा आत राहिला, तर कात टाकणाऱ्या कोळ्याला तोच कुरतडतो म्हणे. आपण मायेने वाढलेलं आपल्याच पिल्लाला खातं!

ब्रश खाली ठेवला. दिवा मालवून खुर्चीत बसून राहिलो. काळजीवाहू सरकारने मोठे निर्णय घ्यायचे नसतात, हा संकेत त्या रात्री प्रथमच पटला.

पहाटे पाहतो तो डबीत दोन कोळी! एक कातीचा पोकळ सांगाडा, शाळेतून आलेल्या पोराने भिरकावलेल्या सदऱ्यासारखा; आणि शेजारी फिकट, मऊ, किंचित थोरला तो स्वतः. आता दात कडक होईपर्यंत काही दिवस खाणंसुद्धा द्यायचं नाही. ती मादी निघाली तर वीस-पंचवीस वर्षंही जगेल. मी कुठला असायला तेव्हा? आणि तिला माझी आठवण कुठली? मी कोण हे तिला आजही ठाऊक नाही. तरी मला उगीचच धन्य वाटलं.

मंडळी परतली. नातू डबी बघून ओरडला, "आजोबा, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणालो. कचेरीत तीस वर्षं हेच केलं होतं, पण अभिमान आत्ताच वाटला.

संध्याकाळी मुलाने स्वतः चहा केला. समोर बसला. म्हणाला, "बाबा, नोकरी बदलावी असं वाटतंय. अजून काही ठरलं नाहीये."

माझ्या जिभेच्या टोकावर अकरा सूचना आल्या. मी चहाचा घोट घेतला. साखर जरा कमीच होती. तेही बोललो नाही.